मागच्या दाराची कडी

समस्त नागरिकांस, विशेषतः आपलं काळीज फार घट्ट आहे असा ज्यांचा समज आहे अशा नागरिकांस, या निवेदनाद्वारे अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, मौजे कुरुंदा, तालुका वसमत, जिल्हा हिंगोली येथील हळदीच्या एका रिकाम्या गोदामात, भर उन्हाळ्यात, दुपारची जेवणं उरकल्यावर, भीती या वस्तूचा जाहीर प्रयोग करण्यात आला. प्रयोगात भूत वापरलं नव्हतं. रक्ताचा थेंब सांडला नव्हता. कोणालाही दवाखान्यात न्यावं लागलं नाही. तरीही त्या दुपारी जे घडलं ते तालुक्याच्या इतिहासात नोंदवलं गेलं पाहिजे. तालुका नोंदवेल असं वाटत नाही, म्हणून मीच नोंदवतो.

आधी माझी ओळख. मी लग्नाचा शूटिंगवाला. वसमतला माझा स्टुडिओ आहे आणि आसपासच्या निम्म्या जोडप्यांच्या कपाटात माझ्या हातची कॅसेट, सीडी नाहीतर पेनड्राइव्ह पडून आहे. या धंद्यात माणूस आयुष्यभर एकच सिनेमा काढतो. नवरी तशीच लाजते, मामा तसाच रुसतो, वरातीत तोच एक जण जमिनीवर लोळून नाचतो. लोकांना वाटतं मला याचा कंटाळा येत असेल. अजिबात नाही. कारण प्रत्येक लग्नात एक क्षण असा येतो, की मला जगातल्या थोर दिग्दर्शकांच्या पंगतीला बसल्यासारखं वाटतं. तो क्षण म्हणजे अंतरपाट.

विचार करा. नवऱ्यानं नवरीला पाहिलेलं असतं. साखरपुड्यापासून रोज मोबाईलवर बोलणं चाललेलं असतं. तरी दोघांच्या मधे एक कापड धरलं, की सगळा मांडव टाचा उंच करून बघायला लागतो. मंगलाष्टकं संपत आली असं वाटतं तोच कोणीतरी मावशी माईक ओढून घेते आणि आणखी एक कडवं सुरू करते. मुठीतल्या अक्षता घामानं ओल्या होतात. कापडापलीकडं कोण आहे ते सगळ्यांना ठाऊक. कापड खाली येणार हेही ठाऊक. कधी येणार, तेवढंच ठाऊक नाही. बास. सस्पेन्स म्हणतात तो एवढाच असतो. बाकी सगळी सजावट.

हे ज्ञान मला लग्नात झालं नाही. कॉलेजात असताना एका फिल्म सोसायटीत मी एक जुना परदेशी सिनेमा पाहिला. काळा-पांढरा. दोन बहिणी एका गावाबाहेरच्या घरात राहतात. थोरली मरते. धाकटी शिवणकाम करत त्या घरात एकटी उरते आणि तिला वाटायला लागतं, की घरात आपण एकट्या नाही. एवढीच गोष्ट. कोणी आहे, की तिच्या मनाचे खेळ आहेत, हे सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही. मी थिएटरबाहेर आलो तेव्हा माझे पाय मला न विचारता चालत होते. त्यानंतर मी तो सिनेमा इतक्या वेळा पाहिला, की बायको त्या सिनेमातल्या बाईचा उल्लेख ‘तुमची ती’ असा करते.

आता माझी इच्छा काय होती ते ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. पूर्वी जत्रेला तंबूतला सिनेमा यायचा. तो कधीचा बंद पडला. आता प्रत्येक जण मान मोडून आपापल्या मोबाईलमध्ये एकटाच सिनेमा बघतो. एक जण हसतो तेव्हा शेजारच्याला वाटतं याला काही झालं की काय. मला कुरुंद्यात महिन्यातून एक दुपार हवी होती आणि एक अंधारी जागा, जिथं माणसं मांडीला मांडी लावून बसतील आणि एकाच वेळी श्वास रोखतील. जागा हेरून ठेवली होती. माझ्या आत्याचं हळदीचं गोदाम. सगळी हळद वसमतच्या बाजारात गेली, की पुढच्या हंगामापर्यंत ते रिकामंच असतं. आणि त्याच आठवड्यात माझा आतेभाऊ ते गोदाम एका मंडपवाल्याला खुर्च्या आणि पातेली ठेवायला देऊन टाकणार होता. फक्त आत्यानं हो म्हणायचं बाकी होतं. आतोबा गेल्यापासून त्या घरात आत्याच्या होकाराशिवाय म्हैससुद्धा दूध देत नाही.

म्हणून मी आत्याकडं गेलो. ती ओसरीवर बसून लसूण सोलत होती. वहिनी, म्हणजे आत्याची सून, कुरडयांचा चीक घाटत होती.

“आत्या, मला महिन्यातून एक दुपार गोदाम पाहिजे.”

“काहून? हळद भरून राहिला का?”

“सिनेमा दाखवायचा आहे.”

“सिनेमा तर हिच्या मोबाईलमधी दिवसभर बोंबलत असतो. अजून कोन्ता पाह्यजे?”

“भीतीचा आहे आत्या. पण भुताचा नाही.”

आत्यानं लसणाची पाकळी खाली ठेवली. “मंग भ्यायचं कशाला?”

इथं आत्याविषयी सांगायला हवं. हळद शिजवून खळ्यावर वाळत टाकली, की राखणीला ती शेतात एकटी झोपते. एकदा उशाशी साप आला तर तिनं काठीनं जमीन आपटून त्याला इतकं फैलावर घेतलं, की तो परत त्या शिवारात दिसला नाही असं सांगतात. आणि सिनेमाच्या बाबतीत तर ती साक्षात संकट आहे. टीव्हीवर कोणताही सिनेमा लागू द्या. नावांची पाटी संपायच्या आत आत्या जाहीर करते, “हा मरतो.” मग, “ही त्याची खरी माय न्हाई.” मग, “पैसे त्या कोट घातलेल्यानंच खाल्ले.” आणि वैताग असा, की ती बरोबर असते. तिच्यासोबत बसून कुरुंद्यातल्या कोणीही आजवर एकाही सिनेमाचा शेवट स्वतः पाहिलेला नाही.

“तुम्ही बघा तर,” मी म्हटलं. “भ्यालात तर गोदाम मला.”

“आन् न्हाई भ्याले तर?”

“तर मंडपवाल्याला द्या.”

“मंडपवाल्याला तर देणारच हाये. तू काय देणार?”

तेही आत्यानंच ठरवलं. “न्हाई भ्याले तर माझ्या घरात तू पुन्यांदा सिनेमाचं नाव काढायचं न्हाई. दिवाळीला आला तरी न्हाई. लई डोकं खातो.”

मी कबूल झालो. पण भ्याली की नाही हे ठरवणार कोण?

“मीच,” आत्या म्हणाली. “माझं भ्याव मला कळंल का तुला?”

चीक घाटता घाटता वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तुमी हरले. जा घरी.”

“आन् अजून एक,” आत्या म्हणाली. “सिनेमा चालू असताना तू तोंड उघडायचं न्हाई. हे कसं काढलं, ते कुठून काढलं, एक शब्द न्हाई.”

हे ऐकून वहिनींच्या हातातला घाटा थांबला. मला गप्प बसवण्याची पैज आजवर कोणीच लावली नव्हती. “मग तुम्हीही शेवट सांगायचा नाही,” मी म्हटलं.

“मी कधी सांगते?” आत्या म्हणाली, आणि ओसरीवरची मांजरसुद्धा उठून निघून गेली.

झालं. ठरल्या दिवशी मी गाडी भरून सामान आणलं. प्रोजेक्टर, आवाजाचा मिक्सर, दोन साउंड बॉक्स आणि लग्नात लाईट गेली तर लागतो तो मोठा इन्व्हर्टर. झरोक्यांत बारदान कोंबलं, शटर खाली ओढलं आणि गोदामात असा अंधार केला, की बाहेर ऊन आहे हे फक्त वरच्या पत्र्यांवरून कळायचं. तापलेला पत्रा मधूनच टण्ण करून वाजतो. पडदा म्हणून पांढरी चादर नेली होती. ती ताणून बांधेपर्यंत गोदामातली हळद तिला लागली होती. भिंतीत हळद, फरशीत हळद, हवेत हळद. प्रोजेक्टर लावला तर उजेडाचा झोत सोन्याच्या दांडीसारखा दिसायला लागला आणि माझा काळा-पांढरा सिनेमा कुरुंद्यात येऊन काळा-पिवळा झाला. मला फार आवडलं. नवरीसुद्धा हळदीशिवाय कुठं पूर्ण होते?

एक साउंड बॉक्स मी पडद्याखाली ठेवला. दुसरा मात्र मुद्दाम लोकांच्या पाठीमागं, गोदामाच्या मागच्या दाराजवळ, रिकाम्या पोत्यांच्या आड ठेवला. तो का, ते पुढं कळेल.

दुपारी लोक जमले. पेरणीला अवकाश होता, उन्हात काम नव्हतं. पुढं बायका, मागं पुरुष, आणि बरोबर मधे आत्या, पदर डोक्यावर, दोन्ही हात गुडघ्यांवर, पंच असल्यासारखी. मी कडेला अशा जागी बसलो, की पडद्याच्या पिवळ्या उजेडात मला तिचा चेहरा दिसावा. मी फक्त एवढंच सांगितलं, की दोघी बहिणी आहेत, थोरली मरणार आहे, बोलणं परक्या भाषेतलं आहे पण फार कमी आहे. मग तोंड मिटलं आणि खबरदारी म्हणून दातांत रुमाल धरला.

पहिल्याच दृश्यात थोरली बहीण परसातून धाकटीला हाक मारते. दोन सुरांची हाक, आधी उंच, मग खाली. आपल्याकडं शेताच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर घालतात तशी. दिग्दर्शक ही हाक एकदाच ऐकवतो आणि पुढं तास-दीड तास जवळच ठेवून घेतो. मग थोरलीचं मरण. तेही दाखवत नाही. दोन ताटं मांडलेली दिसतात, नंतर एकच. पुढच्या रांगेत कोणीतरी चुकचुकलं. आत्याचं तोंड उघडलं. ‘ही मरते’ तिच्या जिभेवर आलेलं मला स्पष्ट दिसलं. पण जी मरायची ती मेलेलीच होती. आत्यानं तोंड मिटलं. पहिली फेरी माझी.

आता मी ज्या दृश्यावर भिस्त ठेवून होतो ते सांगतो. धाकटी शिवणयंत्रावर बसलेली असते. खडखड खडखड. ती उठून पाणी प्यायला आतल्या खोलीत जाते आणि कॅमेरा तिच्यामागं जातच नाही. रिकामं यंत्र, रिकामी खुर्ची, आणि कॅमेरा तिथंच. लग्नात मी असं केलं तर नवरदेवाचा काका माझ्या अंगावर धावून येईल. पण इथं बघणारा विचार करतो, हा कॅमेरा कोणाची वाट बघतोय? मग तो स्वतःच खोलीचा कानाकोपरा शोधायला लागतो. दिग्दर्शकानं काहीच केलेलं नसतं. त्यानं फक्त निघून जायला नकार दिलेला असतो. मला वाटलं होतं, आत्या इथं सापडणार.

पण तिथवर थांबायची गरजच पडली नाही. त्याच्या आधी संध्याकाळ झाली. सिनेमातली.

धाकटी कंदील पेटवते. काच पुसून बसवते. मग उठून पुढचं दार लावते, कडी घालते आणि कंदील घेऊन शिवायला बसते. याच वेळी चौकटीच्या अगदी कडेला, अर्ध्या अंधारात, मागचं दार बोटभर उघडं दिसतं. कॅमेरा त्याच्याकडं बघतही नाही. येता जाता ते फक्त दिसत राहतं. फिल्म सोसायटीत पहिल्या वेळी ते आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. सिनेमा संपत आल्यावर ती बाई त्या दाराशी जाते तेव्हा आम्हाला धक्का बसला होता, आणि नंतर चहा पिताना आम्ही त्या धक्क्याची फार तारीफ केली होती.

कुरुंद्यात कंदील लागला आणि बायकांमध्ये चुळबुळ सुरू झाली.

“अगं, दिवे लागले की.”

“मंग पुढचं दार काहून लावलं हिनं?”

“आन् मागचं तसंच. बघ बघ, तिकडं. उघडंच हाये.”

“कोन्या घरची हाये ही? मायनं काही शिकवलं न्हाई का?”

मी दातांतला रुमाल विसरलो. अरे, बरोबर. दिवेलागणीला पुढचं दार उघडायचं आणि मागचं लावायचं, हे या बायका लहानपणापासून करत आल्या आहेत. लक्ष्मी पुढून येते, मागचं उघडं राहिलं तर तशीच निघून जाते. पोरगी परकर नेसायला लागली की हे काम तिच्याकडं येतं. त्या परदेशी दिग्दर्शकाला यातलं काय माहीत असणार? त्यानं ते दार गुपचूप पेरून ठेवलं होतं, कोणाला दिसू नये म्हणून. आणि इथं दिवा लागल्याबरोबर सगळ्या गोदामाची नजर त्याच बोटभर फटीवर जाऊन चिकटली. त्याचा धक्का गेला. पण धक्क्याच्या जागी त्याला जे मिळालं ते त्याला स्वप्नातही मिळालं नसतं. इथल्या लोकांना ते दार त्या बाईच्या आधी कळलं होतं. ती आपली निवांत शिवतेय, सुई ओवतेय, आणि इकडं सगळे मनातल्या मनात तिला ओरडून सांगताहेत. अंतरपाट धरला गेला होता, तोही माझ्या कल्पनेपेक्षा कितीतरी आधी.

मी आत्याकडं बघितलं. तिचा एक हात गुडघ्यावरून उठून गळ्यातल्या माळेवर आला होता.

पुढं सगळं त्या दारानंच केलं. शिवणयंत्र चालू असलं की लोक बसल्या जागी सैल व्हायचे, थांबलं की ताठ. दिग्दर्शकानं संगीत फारसं ठेवलेलंच नाही. खडखड हेच संगीत, आणि ती थांबणं ही भीती. धाकटी आरशात बघते तर आरशाच्या कोपऱ्यात तीच फट. कंदील हलतो, सावली भिंतीवरून सरकत जाते आणि फटीपाशी संपते. रिकाम्या खुर्चीचं माझं लाडकं दृश्य आलं तेव्हा खुर्चीकडं एकही जण बघत नव्हता. आणि अशा वेळी, यंत्र थांबलेलं असताना, गावातली लाईट गेली.

माझा प्रोजेक्टर इन्व्हर्टरवर होता. तो चालूच राहिला. बंद पडला तो गोदामातला मोठा पंखा. त्याची घरघर इतका वेळ कोणाला जाणवतही नव्हती. ती थांबली आणि असा सन्नाटा पसरला, की शेजारच्याचा घोट गिळलेला ऐकू यावा. वर पत्रा टण्ण करून वाजला. सगळी गर्दी एकदम वीतभर पुढं सरकली. लाईटवाल्यांना मी आयुष्यात फार शिव्या दिल्या आहेत. त्या दुपारी सगळ्या मनातल्या मनात परत घेतल्या.

आत्याची सवय बघा, तिला अजूनही शेवट शोधायचा होता. तिचे ओठ हलत होते, पण आवाज नाही. कारण इथं सांगण्यासारखं काही नव्हतंच. आत कोणी आलंय का? माहीत नाही. ही वेडी झाली का? माहीत नाही. कोट घातलेला माणूस तर या सिनेमात नव्हताच. जन्मात पहिल्यांदा आत्याला बाकीच्यांसारखं नुसतं बघत बसावं लागत होतं.

अखेर धाकटीला दार दिसतं. ती उठते. दिग्दर्शक तिला घाई करू देत नाही. ती चालते तेव्हा कॅमेरा तिच्या पाठीमागून इतका सावकाश जातो, की आपणच तिच्या मागं चालतोय आणि आपलाच तिला धोका आहे असं वाटायला लागतं. ती दाराशी पोचते. दार लोटते. कडी घालते. खट्ट.

गोदामानं श्वास सोडला. मी ऐकला तो. सगळ्यांनी मिळून सोडलेला, एकाच वेळी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हळदीनं आलं असेल. धाकटी दाराला पाठ टेकून खाली बसते, हसते. पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली, “लावलं बाई एकदाचं,” आणि मोकळेपणानं मागं टेकली. दिग्दर्शकाला नेमकी हीच बैठक हवी असते. आधी सैल करतो, मग पिळतो.

मी मिक्सरवर बोट ठेवलं. पुढचा आवाज खाली, मागचा वर.

आणि दारापलीकडून हाक आली. थोरलीची. आधी उंच, मग खाली.

पडद्यातून नाही आली. ती आली लोकांच्या पाठीमागून, गोदामाच्या मागच्या दारातून. सगळ्या माना एका झटक्यात मागं फिरल्या. कोणीतरी पाय पोटाशी ओढून घेतले. एका मिशाळ गृहस्थानं शेजारच्या मिशाळ गृहस्थाचा हात धरला, तो दोघांनीही सोडवून घेतला नाही. माना परत पुढं वळल्या तेव्हा पडद्यावर फक्त धाकटीचा हात होता. तो कडीकडं जात होता. कडीपाशी पोचला. थांबला. आणि तिथंच सिनेमा संपला. ना संगीत, ना उत्तर. नुसती हळद लागलेली पिवळी चादर.

मी शटर वर ओढलं. ऊन धाडकन आत आलं. लोक डोळे चोळत एकमेकांकडं बघत होते, पहिल्यांदाच भेटल्यासारखे. मग सगळ्यांनी आत्याकडं बघितलं, कारण पैज गावभर झाली होती.

आत्यानं पदरावरची हळद झटकली. “बरा हाये,” ती म्हणाली. “जरा लांबवलाय.”

“आणि भ्याव?” मी विचारलं.

“कशाचं भ्याव? दाराचं? आमच्या घरी बी हाये दार.”

“आई, तुमी माळ चावून राहिल्या होत्या,” वहिनी म्हणाल्या.

“खोबरं अडकलं होतं दातात.”

पंचाचा निर्णय अंतिम. माझी अवस्था काय सांगू? मांडव पडलेला, वऱ्हाड गेलेलं, आणि शूटिंगवाला एकटाच वायरी गुंडाळतोय, अशी. आतेभावानं खिशातून मोबाईल काढून मंडपवाल्याला बोलावून घेतलं. म्हणाला, “बराबर चार वाजता ये, जागा दाखवतो.” एवढ्या मोठ्या विजयानंतर इतका मोठा पराभव सोसायची सवय मला नव्हती. आत्यालाही ते कळलं असावं. “चल, च्या घे,” ती म्हणाली. “तोंड नको पाडू. तकलीफ घेतली बिचाऱ्यानं.”

घर जवळच होतं. आम्ही पुढच्या ओसरीवर टेकलो. मी, आतेभाऊ आणि पैजेचं शेपूट बघायला सोबत आलेली चार-सहा मंडळी. वहिनी बोळातून वळसा घालून परसात गेल्या, बाजेवर वाळत घातलेल्या कुरडया काढायला. आत्या चहा टाकायला आत गेली. बाहेर ऊन असं, की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.

आतून आवाज आला. खट्ट.

आतेभावानं मान वर केली. “मागचं दार लावलं का आईनं?”

हा प्रश्न किती गंभीर आहे हे त्या घराला ओळखणाऱ्यालाच कळेल. त्या घराचं मागचं दार दिवसा कधी लागत नाही. कोंबड्या तिथून येतात, मांजर तिथून जाते, शेजारीण विरजण मागायला तिथूनच डोकावते. दिवेलागणीला जेवढं लागतं तेवढंच. आणि आता तर ऊन डोक्यावरून जेमतेम कललं होतं.

मग परसातून दार वाजलं. वहिनींच्या दोन्ही हातांत कुरडयांचं सूप होतं, म्हणून त्यांनी पायानं ठोकलं असावं. हळू, दोनदा.

“आई. मी हाय. कडी काढा.”

कडी निघेना. मी उठून आतल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेलो. मागं आतेभाऊ, त्याच्यामागं बाकीचे. गॅसवर चहा उतू जात होता आणि आत्याला त्याचा पत्ता नव्हता. ती दारासमोर उभी होती. तिचा हात कडीच्या दिशेनं वर गेलेला होता आणि कडीपासून वीतभर अंतरावर थांबला होता. अगदी तसाच. एखाद्या थोर दिग्दर्शकानं सांगून उभा केल्यासारखा.

“आई,” बाहेरून पुन्हा आवाज आला. ऊन लागत असल्यामुळं वहिनींनी या वेळी जरा ओढून हाक मारली, आधी उंच, मग खाली. “मी हाय ना.”

गोदामात आता महिन्यातून एक दुपार सिनेमा होतो. बसायला खुर्च्या त्या मंडपवाल्याच्याच येतात. त्यानं दुसरी जागा घेतली आणि तोही सिनेमाला येऊन बसतो. आत्या मधे बसते आणि आता शेवट सांगत नाही. कारण त्या दुपारी, भर उन्हात, उतू जाणाऱ्या चहाच्या साक्षीनं, आम्ही सगळे उंबऱ्यात उभे असताना आणि वहिनींच्या हाकेनं बोळात शेजारणी जमलेल्या असताना, ती लावलेल्या दाराला बजावून म्हणाली,

“माझी सून असशील तर पुढच्या दारानं ये.”